गडग्यापलीकडचा जावई

काशीबाई पालवचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, कुठंतरी भांडण जुंपलंय. भांडणबिंडण काही नसायचं, ती कोंबड्यांना घरात बोलावत असायची. आचऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत पालववाडी आहे. वाडीच्या या टोकाला काशीबाई शिंकली तर त्या टोकाचा माणूस "जग गो बाय शंभर वर्सां" म्हणायचा. ती मूळची नदीकाठच्या खारेपाटणची. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं म्हणे, "चेडवा, हंय मधे नदी नाय. हळू बोललंस तरी आयकाक येता." सासू गेली, पण आवाज काही खाली आला नाही.

आणि का यावा? त्या आवाजाच्या मागं काम होतं. काशीबाईच्या हातचं आगळ, म्हणजे मीठ घालून मुरवलेला रातांब्याचा रस, एकदा ज्यानं सोलकढीत घातलं तो दुसऱ्याचं विकत घेत नसे. कट्टा गावच्या बाजारात तिची सोलं, म्हणजे रस पाजून वाळवलेली रातांब्याची सालं, आली की बाकीच्या बायका आपली टोपली जरा लांब नेऊन मांडायच्या, उगाच शेजारी बसून तुलना कशाला! घरामागं तिचे चार रातांबे होते. तुम्ही ज्याला कोकमाचं झाड म्हणता तोच आमचा रातांबा. लग्नानंतर तिनं कळशीनं पाणी घालून वाढवलेली झाडं ती. त्यांना नावंही ठेवलेली, थोरली, मधली, धाकटी आणि कोपऱ्यातली शेंडेफळ. सकाळी उठून आधी त्यांच्याशी दोन शब्द बोलायची, मग चहा. लेकीचं, गौरजाचं, पुण्यापर्यंतचं शिक्षण या चौघींच्या जिवावर झालं असं ती चारचौघांत सांगायची, आणि ते खरंच होतं.

घरधनी बाबली पालव. सज्जन माणूस, देवानं सगळं दिलं, फक्त जीभ द्यायची राहिली. शेतीची कामं झाली की पडवीच्या खांबाला टेकून उभा राहायचा. बायको बोलायची, तो ऐकायचा. "आमचे हे म्हणजे नुसते उभे," काशीबाई म्हणायची, "त्या गुरुदास भावजींच्या रातांब्यासारखे."

आता हा गुरुदासचा रातांबा म्हणजे काय, ते सांगायला हवं.

गुरुदास पालव हा बाबलीचा चुलतभाऊ, म्हणून काशीबाईचा दीर. वाटण्या झाल्या तेव्हा दोन घरांच्या मधे दगडांचा गडगा घातला गेला. गडग्याच्या पलीकडं, अगदी लागून, एक भला दांडगा रातांबा. उंच, गच्च पानांचा, थंडीत फुलांनी लगडायचा. पण फळ? एक नाही. आजपर्यंत त्या झाडाखाली कुणी एक रातांबा वेचलेला नव्हता. बरं, नाही धरत तर नाही धरत, गप उभं राहावं की नाही! पण भर वैशाखात काशीबाईच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, सोलं वाळत पडलेली असायची, आणि दुपार कलली की या मेल्याची सावली गडगा ओलांडून बरोब्बर सोलांवर यायची. सोलांना ऊन म्हणजे जीव. रस पाजायचा, वाळवायचं, पुन्हा रस पाजायचा, पुन्हा वाळवायचं, आणि वळवाचा पाऊस यायच्या आत सगळं आवरायचं. तिथं या आयतोबानं ऊन खायचं! वर पानं पाडायची, वर थंडीत फुलांचा कचरा.

"भावजी, तोडा तो," काशीबाई म्हणायची.

"माज्या आज्यान लायलेलो आसा," गुरुदास म्हणायचा. "तू सांगलंस म्हणान तोडूचंय नाय."

माणसानं ऐकलं नाही, म्हणून काशीबाई देवाकडं गेली. आमच्याकडं देवळात गाऱ्हाणं घालतात. जत्रेच्या सकाळी नारळ ठेवायचा, मनातलं घाड्याला सांगायचं, तो सगळ्या गावाच्या वतीनं देवापुढं मोठ्यानं बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतं. गावानं होकार दिला की गाऱ्हाणं देवाला पोचलं. शिवा घाडी म्हणजे या कामात पट्टीचा माणूस.

"बा देवा म्हाराजा! कोणाचा गुरूं चुकला आसात, कोणाची होडी अडाकली आसात, ता मार्गाक लाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि गुरुदासाच्या गडग्यार जो रातांबो फळाबिगर नुसतो उभो आसा, काशीबायच्या सोलांचा ऊन खाता, तेचा काय ता तू बघ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यात जोरात यायचं. मुंबईहून जत्रेला येणारे लोकसुद्धा त्या वाक्याची वाट बघायचे. गुरुदास बिचारा खांबाआड उभा राहून खाली मान घालायचा. दरवर्षी हेच. गाऱ्हाणं संपलं की काशीबाई त्याच्याच हातावर प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा ठेवायची, म्हणजे जखमेवर मीठ.

त्या वर्षी मार्गशीर्षात, जत्रा दोन दिवसांवर आली असताना, गुरुदास आपणहून गडग्यापाशी आला. एक हात कमरेवर, चेहरा पडलेला.

"वयनी, तू जिंकलंस."

"काय झाला?"

"जत्रेच्या दुसऱ्या दिवशी रातांबो तोडतंय. मिशीनवालो सांगून ठेवलंय. झिल म्हणता, बाबा, थंय पर्यटकांका दोन खोल्यो बांधूया. आणि खरा सांगू? माका भ्याव वाटता. तू गाऱ्हाणा घालतस झाडाक आणि देव धरता माका! गेल्या साली जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कंबर धरल्यान, ती अजून सोडूक नाय. तेच्या आदल्या साली दाढ. ह्या साली काय धरीत कोणाक ठावक!"

काशीबाईला हसू आवरेना. दार लावून घेऊन पोटभर हसली आणि मग लागली कामाला. नारळाचा रस काढला, गूळ घातला, खापरोळ्या केल्या. एक ताटली गडग्यावरून गुरुदासकडंही दिली. शत्रू शरण आला की त्याला जेवायला घालावं, एवढं मन तिचं मोठं होतं. बाबलीनं खांबाजवळ उभ्याउभ्या तीन खापरोळ्या खाल्ल्या आणि झाडाकडं बघत हळूच म्हणाला, "बरो होतो गो."

"तुमका सगळाच बरा," काशीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गौरजा आली. ती पुण्याला झाडांवर संशोधन करत होती. झाडांत नर आणि मादी मुळात कशी झाली, कधी झाली, असं काहीतरी. वाडीतल्या बायकांनी काशीबाईला विचारलं होतं, "तुजा चेडू नक्की काय गो शिकता?" काशीबाईला आपलं अज्ञान दाखवणं मंजूर नव्हतं. ती ठसक्यात म्हणाली होती, "झाडांच्यो पत्रिको बघता." तेव्हापासून वाडीत गौरजाचं नाव झाडांची ज्योतिषीण असं पडलं होतं. गौरजाला ते ठाऊक होतं, आणि ती मनापासून हसायची.

पोरगी जेवली आणि भिंग घेऊन घरामागं गेली. चारी झाडं फुलावर होती. एकेक फूल भिंगाखाली धरून बघितलं आणि मग आईला हाक मारली.

"आये, हेंचो घोव खंय?"

काशीबाईनं आधी इकडंतिकडं बघितलं, पोरगी नवरा विचारतेय ते कुणी ऐकलं तर नाही ना. "कोणाचो घोव?"

"तुज्या ह्या चार जणींचो. ह्यो चारय बायलमाणसां आसत. बघ, फुलाच्या मधी ही गाठ दिसता? तेचोच रातांबो होता. पण पूड नाय. पूड देणारो दुसरीकडे खंयतरी व्हयो."

"झाडांका घोव!" काशीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पुण्यात ह्याच शिकवतत काय गो? माजे रातांबे माज्या पाण्यान आणि देवाच्या दयेन धरतत."

गौरजानं वाद घातला नाही. आईशी वादात कुणी जिंकलंय? तिनं दारातलं जास्वंदीचं फूल तोडून आणलं. मधल्या दांड्यावरची पिवळी पूड, म्हणजे पराग, आईच्या बोटाला लावली. ही दादल्याची बाजू. टोकाचे पाच लाल ठिपके दाखवले. ही बायलेची. दोघं एकाच फुलात. आंब्याचं, भाताचंही थोडंफार असंच. बहुतेक झाडांचा संसार एका छपराखाली चालतो.

"मगे बरा आसा की. वेगळा व्हवचा कित्या?"

"घरातली पूड घरातल्याच फुलाक लागली की बी जोमदार येणा नाय, आये."

"गोत्र!" काशीबाई ताबडतोब म्हणाली. "सगोत्र चलना नाय. ह्या झाडांकाय कळता?"

"कळना नाय, पण होता. खूप खूप वर्सांपूर्वी एखाद्या झाडात चूक झाली, तेची पूडच होयना. ता नुसती आवस झाला. मगे दुसऱ्या एकात उलटी चूक झाली, पूड बक्कळ पण फळ धरूकच येयना. तो नुसतो बापूस. तुज्या परसातल्या तेंडलीचा असाच, रानातल्या फागलाचा, पुण्यात करटुली म्हणतत तेचा असाच, पोपईचा असाच. आणि गंमत म्हणजे ह्या एकमेकांक बघून नाय केल्यानी. प्रत्येकान आपापली वाटणी वेगळी केली."

वाटणी म्हटल्यावर काशीबाईचे कान टवकारले. हा तिचा विषय. ती पायरीवर बसली आणि गौरजाला बस म्हणाली.

गौरजानं मग गडग्याकडं बोट दाखवलं. जिवाच्या आत बारीक धाग्यांच्या जोड्या असतात, म्हणाली, एक आईकडून, एक बापाकडून. जोडीतले दोघं म्हणजे सख्खे भाऊ. दर पिढीला त्यांची देवाणघेवाण चालते, याचा कोयता त्याच्याकडं, त्याचं खोरं याच्याकडं. एकाचं मोडलं तर दुसऱ्याच्या घरातून नीट करून मिळतं. पण पूड बंद करणारी चूक आणि फळ बंद करणारी चूक, या दोन चुका एकाच जोडीत, एक या भावाकडं आणि एक त्या भावाकडं, शेजारी शेजारी बसल्या. आता इथं देवाणघेवाण झाली तर दोन्ही चुका एकाच्याच पदरात पडायच्या, आणि ना आई ना बाप असं झाड जन्माला यायचं. म्हणून तिथं दोन भावांच्या मधे गडगा पडला, देणं बंद, घेणं बंद. आधी दोन दगडांचा, मग वाढत वाढत जाणारा.

"गडगो पडल्यार काय होता, ता तुका सांगूक नको," गौरजा म्हणाली. "जो भाव नुसतो दादल्यांच्याच वाट्याक येता, तेच्याकडे मोडका काय ता नीट होणा नाय. ढीग पडत जाता. माणसांतलो तो भाव झिजान झिजान एवढोसो झालोहा. काही झाडांत गडगो अजून नवो आसा. रातांब्याचो गडगो खंय आसा, ता कोणाक नीट गावाक नाय. ताच मी सोधतंय."

काशीबाईनं मधल्या गडग्याकडं बघितलं. दोन्ही बाजूंना फुटकी कौलं, मोडका पाट, बुडाची भोकं पडलेली घमेली. खरंच की. वाटणीच्या आधी यातलं काही नव्हतं. दोन्ही घरांत एकच पाटावरवंटा होता, आणि तो कोणाचा यावरून कधी प्रश्न आला नव्हता.

एवढ्यात गौरजा टाचा उंचावून गडग्यावर वाकली आणि पलीकडच्या झाडाची एक डहाळी खाली ओढली. झुपक्यांनी फुलं. मधे गाठ नाही, नुसती पूड.

"हो बघ! हो आसा तुज्या चौघींचो घोव. आये, हेका जप हां. मी रस्त्याकडसून येताना बघीत इलंय. वाडीत दुसरो दादलो रातांबो उरलेलो दिसना नाय."

कसा दिसणार? फळ धरत नाही म्हणून वाडीनं एकेक करून सगळे तोडले होते, चुलीत घातले होते. वांझ झाड दारात नको, असं म्हणून. वरच्या घरच्या राधाबाईनं आपला तोडला, त्यानंतर तिच्या भरल्या झाडाला मूठभर रातांबे लागायला लागले, तेव्हा तिनं दृष्ट काढली होती. मिरच्या ओवाळायला काशीबाईच गेली होती.

आयुष्यात पहिल्यांदाच काशीबाई हळू आवाजात बोलली.

"गौरजा, तो परवा तोडतत."

"कोण?"

"मीच." मग तिनं गाऱ्हाण्यापासून मिशीनवाल्यापर्यंत सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू आलं. "म्हणजे इतकी वर्सां मी देवाकडे माज्याच चेडवांच्या घोवाक मरण मागी होतंय! माज्या जावयाक!"

"तो गेलो तर रातांबे एकदम बंद होवचे नाय," गौरजा म्हणाली. "लांबसून थोडी पूड येत. पण राधाकाकीच्या झाडासारखा होतला."

मूठभर रातांब्यांत कसलं आगळ आणि कसली सोलं! काशीबाईनं डोळे पुसले, पदर खोचला आणि तडक गडग्याकडं गेली.

"भावजी, ओ भावजी! ता झाडाचा... घाई कित्या? रवांदे म्हणतंय मी."

गुरुदासला वाटलं ही चेष्टा करतेय. इतक्या वर्षांची जखम, त्यात कालच्या खापरोळ्या. तो म्हणाला, "वयनी, पुरे झाला. माका आणखी नाचव नको."

"नाय हो, खऱ्यान सांगतंय. शपथ!"

त्याला पटायला बराच वेळ लागला, आणि पटल्यावर तो आणखीनच घाबरला. "आता तू म्हणतस रवांदे. पण तुजा गाऱ्हाणा देवाच्या कानार गेलाला आसा, सगळ्या गावान व्हय म्हटलाला आसा. मी तोडूक नाय तर देव विचारीत माका, तुका नाय. आधीच ही कंबर! तू देवाकडसून सोडवून घे, मगे मी मिशीनवाल्याक नको म्हणान सांगतंय. आजोबाचा झाड तोडूची माका काय हौस आसा?"

झालं! देवाकडं गाऱ्हाणं घालायला काशीबाईला कधी लाज वाटली नव्हती. आता मागं घ्यायचं तर सगळ्या गावासमोर. ज्या गावाला तिनं वर्षानुवर्षं हे वाक्य म्हणायला लावलं, त्याच्यासमोर. चूक झाली हे शब्द तिच्या तोंडून आजवर नवऱ्यानंसुद्धा ऐकले नव्हते. ती शिवा घाड्याकडं गेली.

शिवा सुपारी कातरत होता, तो थांबला. "माघारी घेवचा गाऱ्हाणा? काशीबाय, असा आमच्या पिढ्यांत कोणी घालूक नाय. चुकला माकला पदरात घे म्हणतत, ता वेगळा. हेका कारण सांगूक व्हया."

"कारण तू सांग काय ता. म्हण, काशीबायचा मन बदाल्ला."

"मन बदाल्ला?" शिवा म्हणाला. "देव काय कपड्याचा दुकान आसा, आवडला नाय म्हणान परत केला? खरा कारण सांग. मी अर्धा गाऱ्हाणा देवाकडे नेवचंय नाय."

तिनं सांगितलं. शिवानं सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं, दोनदा विचारून घेतलं, आणि मग म्हणाला, "बरा. पण नारळ एक पुरूचो नाय. जितक्या सालांचा घातलंस, तितके आण." काशीबाई मुकाट्यानं घरी गेली आणि बाबलीला माडावर चढवलं.

जत्रेच्या सकाळी देऊळ माणसांनी भरलं. नारळांनी भरलेला हारा बघून लोक कुजबुजायला लागले. गौरजा बायकांत उभी होती. गुरुदास खांबाआड, हात कमरेवर. काशीबाई अंगावर पदर घेऊन खाली बघत होती, तिला असं बघायची कुणाला सवय नव्हती.

शिवानं सुरुवात केली. गुरं झाली, होड्या झाल्या, लग्नं झाली. गाव व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा करत होतं आणि नेहमीच्या वाक्यासाठी घसा साफ करून तयार होतं.

"आणि बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान, काशीबायन, दर साली तुज्याकडे ज्या रातांब्याचा वायट मागला, तो रातांबो वांझ नाय रे म्हाराजा! तो दादलो आसा! काशीबायच्या चार झाडांचो तो घोव आसा, म्हणजे तिचो जावय आसा! सासूक जावय वळखूक येवक नाय! अज्ञानान बोलला, चुकला. ता सगळा बोलणा तिच्या पदरात परत घाल, जावयाक औक्ष दी, आणि गुरुदासाची कंबर सोड रे म्हाराजा!"

आधी एक क्षण कुणाला कळेना काय ऐकलं ते. मग कोणीतरी फुस्सकन हसलं, आणि अख्खं देऊळ हसायला लागलं. म्हातारे हसले, मुंबईकर हसले, पोरं तर लोळायलाच लागली. "जावय! रातांबो जावय!" शिवा घाडी तसाच हात जोडून उभा. त्याला होकार हवा होता. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही. पण हसण्याच्या नादात होकार कोण देणार?

काशीबाईचा चेहरा लालबुंद झाला. तिला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं. तिच्या मनात चार झाडं आली आणि उद्याचं मिशीन आलं. एवढा मोठा आवाज तिचा, पण गाऱ्हाणं घालणाऱ्यानं स्वतःच व्हय म्हणायचं नसतं. ती इकडंतिकडं बघायला लागली.

आणि पुरुषांच्या रांगेतून, पार मागून, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माणसाचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

खणखणीत. देवळातली घंटा क्षणभर घुमली असं शपथेवर सांगणारे लोक आहेत. माना मागं वळल्या. बाबली पालव! ज्याचा आवाज शेजाऱ्यांनीसुद्धा कधी धड ऐकला नव्हता तो बाबली, हात जोडून, सरळ उभा. हसणं थांबलं. गुरुदासनं कमरेवरचा हात काढला आणि जोडला. "व्हय म्हाराजा!" मग गौरजा, मग राधाबाई, आणि मग सगळं गाव एका दमात असं काही "व्हय म्हाराजा!" म्हणालं की कौलांवरची कबुतरं उडाली.

काशीबाईनं पदर डोळ्यांना लावला. तिला आनंदही झाला आणि मनातून फार वाईटही वाटलं. इतकी वर्षं हा माणूस आपल्यामागं उभा होता, आणि आपण त्याला काय काय बोललो! घरी जाताना ती त्याच्या शेजारून चालली, बोलली मात्र काहीच नाही. बाबली घाबरला. "बरा नाय काय गो?" म्हणून त्यानं दोनदा विचारलं.

मिशीनवाल्याला नको म्हणून निरोप गेला. गुरुदासनं खोल्या घराच्या दुसऱ्या अंगाला बांधल्या, आणि त्याची कंबर जत्रेनंतर चार दिवसांत मोकळी झाली. ती देवानं सोडली की गौरजानं आणलेल्या मलमानं, यावर वाडीत अजून दोन पक्ष आहेत. गौरजानं जाताना जावयाची चार कोवळी पानं पुण्याला नेली, त्याची पत्रिका मांडायला.

वैशाखात चारी रातांबे लालभडक झाले. सावली अजूनही दुपार कलल्यावर काशीबाईच्या खळ्यात येतेच, पण गुरुदासच्या खळ्यात तेव्हा लख्ख ऊन असतं. म्हणून दोघांनी मिळून गडग्याचे वरचे दगड काढले, सुपं इकडून तिकडं देता येतील एवढे, आणि फुटक्या कौलांचा ढीगही उचलला. पहिली आगळाची बाटली काशीबाईनं गडग्यावरून गुरुदासच्या हातात दिली. जावयाचा मान. झाड पीत नाही, मग त्याच्या घरच्यांनी प्यायचा.

त्याच दिवशी गुरुदासकडं उतरलेली पुण्याची एक बाई सोलं बघायला आली. काशीबाईच्या झाडांचं तिनं भरभरून कौतुक केलं. मग वर मान करून मोठ्या रातांब्याकडं बघितलं.

"आणि याला एकही फळ नाही? हा नुसताच उभा आहे का हो?"

खांबाजवळ रातांब्यांची टोपली घेऊन बाबली उभा होता. काशीबाईनं एकदा झाडाकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. आणि मग तिचा आवाज निघाला, असा की वाडीच्या त्या टोकाला राधाबाई दारात आली.

"नुसतो? अगो बाय, नुसतो कोण उभो रवणा नाय! तो उभो आसा म्हणान आमी चार जणी फळाक इलंव!"

चार कुठल्या, पाच! बोलण्याच्या भरात ती स्वतःलाही त्यांत धरून बसली होती. पुण्याच्या बाईला काही कळलं नाही. बाबलीला कळलं. त्यानं टोपली खाली ठेवली, हात जोडले आणि हळूच म्हणाला,

"व्हय म्हाराजा."